रक्तपिपासू राक्षस : खेळातले आणि खरे





गेल्या पावसाळ्यात एका पालकांचे पत्र माझ्या टेबलावर आले. आठवीतली काही मुले मधल्या सुट्टीत फासे टाकून एक खेळ खेळतात, त्यात रक्त पिणारे राक्षस असतात, माणसे मरतात, आणि मुलगा घरी जेवायला बसल्यावरही त्याच गोष्टी काढतो. तरी शाळेने हा खेळ बंद करावा, अशी विनंती होती. पत्राची भाषा सभ्य होती आणि काळजी खरी होती. फासे म्हटले की आपल्याकडे कौरवांची द्यूतसभाच आठवते, त्यामुळे जुगाराची शंकाही एका ओळीत व्यक्त केलेली होती.

मी मुलांना ऑफिसात बोलावले. रागावण्यासाठीच बोलावले होते, हे कबूल करते. त्यांच्या वहीत राक्षसांची चित्रे होती. एक पान उघडले तर त्यावर मांजराएवढा प्राणी, वटवाघळासारखे पंख, पायांना नखे आणि तोंडाला लांब सुई. खाली लिहिले होते : स्टर्ज. मी प्राणिशास्त्र घेऊन बी.एस्सी. केलेले, त्यामुळे सुई पाहताच माझा राग निम्मा गेला. “हा तर डास आहे,” मी म्हटले. “नाही मोठ्या बाई, डास लहान असतो,” एक मुलगा म्हणाला. तिथून पुढचे सगळे सुरू झाले.

आधी खेळाविषयी थोडे, कारण बहुतेक पालकांना तो ठाऊक नसेल. त्याचे नाव डन्जन्स अँड ड्रॅगन्स. अमेरिकेतल्या गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांनी तो १९७४ साली प्रसिद्ध केला. पट नसला तरी चालतो. एक जण गोष्ट सांगतो, बाकीचे त्या गोष्टीतली पात्रे होतात, आणि घाव लागला की चुकला हे फाशावर ठरते. पैसे लावायचे नसतात. फासे सहा बाजूंचेच नसून चार, आठ, बारा आणि वीस बाजूंचेही असतात. मुलांना बेरीज-वजाबाकी आणि संभाव्यता इतक्या राजीखुशीने करताना मी गणिताच्या तासाला पाहिलेले नाही.

या खेळात रक्त पिणारे पुष्कळ आहेत. १९७७ साली निघालेल्या राक्षसांच्या पुस्तकात महाकाय जळू आहे, महाकाय गोचीडही आहे. (मी पदवीपर्यंत हिंदी माध्यमात शिकले, त्यामुळे जळू पाहिली की मला आधी ‘जोंक’ आठवते आणि नंतर जळू. आमच्या मुलांना ती तेलुगूतली ‘जलग’ म्हणून माहीत आहे. नाव कोणतेही असो, चिकटते सारखीच.) परंतु मुलांचा लाडका तो स्टर्ज. तो खेळात १९७५ साली आला. रात्री येऊन तान्ह्या बाळांचे रक्त पिणारा एक पक्षी जुने रोमन लोक मानत, त्याच्या नावावरून हे नाव घेतले आहे. म्हणजे कल्पना दोन हजार वर्षांची जुनी, फक्त तिला डासाची सुई जोडली.

स्टर्जचे नियम मुलांनी मला समजावून सांगितले. प्रत्येक पात्राला ‘हिट पॉइंट’ असतात. आपण त्यांना प्राण म्हणू. २०१४ सालच्या आवृत्तीत स्टर्जचे स्वतःचे प्राण जेमतेम दोन, म्हणजे एका फटक्यात मरणारा. पण त्याची सुई लागली की चार बाजूंच्या फाशावर पडेल तो आकडा अधिक तीन, इतके प्राण जातात, आणि तो अंगाला चिकटून बसतो. मग दर फेरीला तेवढेच रक्त ओढतो. कोणी एक खेळी खर्चून त्याला उपटून काढले तर ठीक, नाहीतर दहा प्राणांचे रक्त पिऊन तो आपणहून सुटतो आणि उडून जातो. या खेळातल्या सामान्य गावकऱ्याचे प्राण असतात चार. म्हणजे गावकरी एकाच दंशात संपला.

मला यात आक्षेपार्ह काही दिसले नाही. नवरात्रात आपण रक्तबीजाची कथा ऐकतो. त्याच्या रक्ताचा थेंब जमिनीवर पडला की तिथून नवा राक्षस उभा राही, म्हणून देवीने ते रक्त वरच्या वर पिऊन टाकले. ती कथा ऐकून आपल्यापैकी कोणी बिघडल्याचे मला आठवत नाही. वेताळाच्या गोष्टींवर तर आपण वाढलो. माझा आक्षेप निराळाच होता, आणि तो मी मुलांना सांगितला : तुमचा राक्षस पुरेसा भयंकर नाही.

मुले दुखावली. मग आम्ही फळ्यावर हिशेब मांडला.

डास सुमारे सहा मिलिमीटर लांब धरा. त्याला तीस सेंटिमीटरचा करायचा तर लांबी पन्नास पट झाली. पंखांचे क्षेत्रफळ पन्नास गुणिले पन्नास, म्हणजे अडीच हजार पट वाढेल; पण वजन पन्नासाचा घन, म्हणजे सव्वा लाख पट. पंखाच्या तेवढ्याच तुकड्यावर पन्नासपट भार आला. अडीच मिलिग्रॅमचा डास आता तीनशे ग्रॅमच्या वर गेला, म्हणजे कबुतराइतका. कबुतर उडते, मग हा का उडणार नाही, असे एका मुलीने लगेच विचारले, आणि प्रश्न बरोबर होता. कबुतराला फुप्फुसे आहेत आणि रक्तातून स्नायूंपर्यंत प्राणवायू पोचवणारे हृदय आहे. डासाला फुप्फुसे नाहीत. त्याच्या अंगाला बारीक भोके असतात आणि तिथून नळ्या आत जातात. हवा त्यांतून स्नायूंपर्यंत पोचते. लहान शरीराला हे पुरते, मोठ्या शरीरात आतल्या भागाचा श्वास कोंडेल. सुमारे तीस कोटी वर्षांपूर्वी मेगॅन्युरा नावाचा चतुरासारखा कीटक होता, त्याच्या पंखांचा पसारा पाऊण मीटरच्या आसपास भरत असे. त्या काळी हवेत प्राणवायू आजच्यापेक्षा जास्त होता, त्याच्याशी अनेक शास्त्रज्ञ या आकाराचा संबंध जोडतात. आजच्या हवेत मांजराएवढा डास जगणे कठीण.

तरीही समजा, जगला. डास साधारण आपल्या वजनाइतके रक्त पितो. तीनशे ग्रॅमचा डास तीनशे मिलिलिटरच्या आसपास पिईल. आता पालकहो, रक्तदान शिबिरात आपल्याकडून किती घेतात? साडेतीनशे मिलिलिटर. नंतर चहा-बिस्कीट देतात आणि माणूस स्कूटर चालवत घरी जातो. म्हणजे ज्याच्या एका दंशात खेळातला गावकरी ठार होतो, तो राक्षस प्रत्यक्षात रक्तपेढीपेक्षा कमीच घेऊन गेला असता.

आणि खरा, लहान डास? मोठ्या माणसाच्या अंगात पाच लिटरच्या आसपास रक्त असते. अडीच मिलिग्रॅमच्या घोटांनी ते संपवायला वीस लाख डास लागतील. केवळ रक्त पिऊन डास कोणाला मारू शकत नाही. (शिवाय रक्त फक्त मादी पिते, अंड्यांसाठी. नर बिचारा फुलांच्या रसावर जगतो. हे ऐकून मुलींचा विजय झाला की पराभव, यावर वर्गात एकमत झाले नाही.)

जळूचेही तसेच. ॲमेझॉनच्या खोऱ्यात पंचेचाळीस सेंटिमीटरपर्यंत वाढणारी जळू आहे, म्हणजे खरोखर हातभर. आपल्या सह्याद्रीत पावसाळ्यात पायाला लागणाऱ्या जळवा तिच्यापुढे धाग्यासारख्या. जळूच्या लाळेत हिरुडिन नावाचे द्रव्य असते, त्यामुळे रक्त गोठत नाही आणि ती सुटल्यावरही जखम वाहत राहते. पायमोजा लाल झालेला पाहून माणूस घाबरतो. पण तिच्यामुळे माणसाला साथीचा रोग होत नाही. उलट सुश्रुतसंहितेत दूषित रक्त काढण्यासाठी जळवा लावण्याची रीत दिली आहे, आणि आजही तुटलेले बोट जोडल्यावर साचलेले रक्त ओढून घ्यायला शल्यचिकित्सक कधी कधी तिला बोलावतात. दिसायला सर्वांत किळसवाणी, आणि त्यातल्या त्यात सज्जन.

घातक कोण, हे किती रक्त नेले यावरून ठरत नाही. जाताना मागे काय सोडले, यावर ठरते. खेळाच्या वहीत रक्त नेल्याचा हिशेब काटेकोर आहे, सोडल्याचा जवळजवळ नाही.

यासाठी मुलांना मी १८९७ या एका वर्षाची गोष्ट सांगितली. त्या वर्षी पुण्यात प्लेग होता. सावित्रीबाई फुले प्लेगच्या रुग्णांची सेवा करत होत्या. त्यांना स्वतःला लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले. शहरात सोल्जर घरोघर शिरून झडत्या घेत होते, सामान बाहेर काढून जाळत होते. त्या जुलमाचा संताप इतका झाला की २२ जून रोजी चापेकर बंधूंनी प्लेग कमिशनर रँडवर गोळ्या झाडल्या. हे आपण इतिहासात वाचतो. इतिहासाच्या धड्यात नसते ते हे, की त्या वेळी सोल्जर, डॉक्टर आणि रुग्ण यांपैकी कोणालाच खरा अपराधी माहीत नव्हता. तो उंदराच्या केसांत बसला होता. पुढच्या वर्षी, १८९८ साली, पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरने कराचीत प्रयोग करून प्लेग पिसवेमार्फत पसरतो हे दाखवले. कित्येक वर्षे पुष्कळांनी त्याच्यावर विश्वासही ठेवला नाही. भारतात त्या साथीने पुढील काही दशकांत एक कोटीहून अधिक माणसे नेली.

पिसू हे करते कसे, ते १९१४ साली बॅकट आणि मार्टिन या दोघांनी शोधले, आणि ते ऐकताना आठवीचा वर्ग पहिल्यांदाच एकदम शांत झाला. प्लेगचे जंतू पिसवेच्या पोटाच्या तोंडाशी वाढून त्यांचा बोळा बसतो. मग तिने कितीही रक्त ओढले तरी ते आत उतरत नाही. ती भुकेने वेडी होते, पुन्हा पुन्हा चावते, आणि अडलेले रक्त बोळ्यातल्या जंतूंसकट उलटून जखमेत जाते. शेवटी ती स्वतः उपाशी मरते. मी मुलांना विचारले, असा राक्षस तुमच्या पुस्तकात आहे का? नव्हता.

त्याच वर्षाचा दुसरा प्रसंग आपल्या घराजवळचा आहे. तारनाक्याहून बेगमपेट आठ-दहा किलोमीटर. रोनाल्ड रॉस हा लष्करी डॉक्टर सिकंदराबादच्या छावणीत १८९५ पासून डास चिरून पाहत होता. मलेरियाच्या रुग्णांना डास चाववायचे आणि मग त्या डासाच्या पोटात सूक्ष्मदर्शकाखाली शोधायचे. हुसेन खान नावाच्या रुग्णाला तो दर डासामागे एक आणा देत असे. दोन वर्षे काही सापडले नाही, कारण डासच चुकीच्या जातीचे होते. शेवटी ठिपकेदार पंखांचे, म्हणजे ॲनॉफिलिस जातीचे डास हाती लागले. १६ ऑगस्ट १८९७ रोजी ते हुसेन खानला चाववले आणि २० ऑगस्टला, चौथ्या दिवशी, त्यांतल्या एकाच्या जठराच्या भिंतीत मलेरियाच्या परोपजीवीच्या गोल पेशी दिसल्या. पुढच्या वर्षी कलकत्त्याला पक्ष्यांच्या मलेरियावर काम करताना रॉसला तेच जीव डासाच्या लाळेच्या ग्रंथीत सापडले. डास रक्त ओढण्याआधी लाळ सोडतो, आणि रोग त्या लाळेतून येतो. १९०२ साली त्याला नोबेल मिळाले. बेगमपेटची ती इमारत उस्मानिया विद्यापीठाकडे आली आणि तिला रॉसचे नाव आहे. उस्मानियाच्या फाटकावरून आपली निम्मी मुले रोज बसने जातात, पण ही इमारत पाहिलेली तीनच निघाली.

गोचिडीचे उदाहरण मी सिंधुदुर्गाकडे मूळ असलेल्या एका मुलासाठी दिले. तिथे २०१६ पासून माकडतापाचे रुग्ण आढळले आहेत. हा ताप जंगलातल्या गोचिडीपासून येतो. सुट्टीत आजोळी जाणाऱ्यांनी काजूच्या बागेत पाय झाकून फिरावे, एवढे पुरे.

ज्याला मी खरा राक्षस म्हणते, तो मात्र उडत नाही, चावताना दिसतही नाही. अंकुशकृमी. लांबी एक सेंटिमीटर. उघड्यावर शौच झालेल्या मातीत त्याच्या अळ्या असतात. अनवाणी पायाच्या कातडीतून त्या शरीरात शिरतात, रक्तातून फुप्फुसात जातात, तिथून घशाशी येतात, गिळल्या जातात आणि आतड्यात जाऊन भिंतीला दात रोवून बसतात. त्याच्या एका जातीचा कृमी दिवसाला सुमारे ०.०३ मिलिलिटर रक्त घेतो. थेंबही नव्हे. पण शंभर कृमी असले तर दिवसाला तीन मिलिलिटर, वर्षाला एक लिटरच्या वर. तीस किलोच्या मुलाच्या अंगात रक्त असते सव्वादोन लिटरच्या आसपास. शरीर नवे रक्त करत राहते, त्यामुळे मूल मरत नाही. पण गेलेले लोह आणायचे कुठून? मूल दमते, वर्गात डुलक्या घेते, गणितात मागे पडते, आणि आम्ही शिक्षक प्रगतिपुस्तकात ‘लक्ष देत नाही’ असा शेरा मारतो. असे शेरे मीही मारले आहेत.

आपल्या तारनाक्यावरची राष्ट्रीय पोषण संस्था १९५८ साली कुन्नूरहून हैदराबादला आली. लोह घातलेले मीठ तिथेच तयार झाले. रक्तक्षयाला कृमी हे एकच कारण नाही. ताटात लोह कमी असणे हे त्याहून मोठे कारण. पण पाहणीचा आकडा सांगते : २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते १९ वयाच्या मुलींपैकी ५९ टक्के मुलींना रक्तक्षय आढळला. म्हणून वर्षातून दोनदा, साधारणपणे १० फेब्रुवारी आणि १० ऑगस्टला, शाळेत जंताची गोळी दिली जाते. २०१५ पासून ही मोहीम आहे. गेल्या खेपेला आपल्या शाळेत काही पालकांनी ‘आमच्या घरी स्वच्छता आहे’ म्हणून नकाराची चिठ्ठी पाठवली. स्वच्छता आहेच, कोण नाही म्हणते? पण मूल मैदानावर खेळते, आणि मैदानाची माती कोणाच्या घरची नसते. गोळी चावून खायची आहे. आजारी असेल किंवा दुसरे औषध चालू असेल तर शिक्षकांना आधी सांगावे.

आता जे सांगायचे आहे ते मला सोपे नाही.

ही सगळी चर्चा चालू असताना सातवीतल्या एका मुलीने, ती खिडकीशी उभी राहून ऐकत होती, विचारले, “मोठ्या बाई, खेळात स्टर्जचं घरटं शोधावं लागतं. आपल्या शाळेत डासाचं घरटं कुठे आहे?” मी म्हटले, आपल्या शाळेत नाही. टाक्या झाकल्याची नोंद दर आठवड्याला रजिस्टरात होते, माझी सही असते. तरी शाळा सुटल्यावर शिपाईदादांना घेऊन गच्चीवर गेले. गुडघ्यांमुळे मी वर्ष-दीड वर्ष गच्चीवर गेले नव्हते. सिमेंटच्या टाकीचे झाकण एका कोपऱ्यात फुटलेले होते. बॅटरीच्या उजेडात पाण्यात अळ्या वळवळत होत्या. शेजारी जुन्या कूलरच्या तळाशी बोटभर पाणी, त्यातही तेच. मी न पाहता सह्या केल्या होत्या.

त्या आठवड्यात पाचवीतला एक मुलगा डेंग्यूने अंथरुणावर होता. बारा दिवस शाळेत आला नाही. त्याला तो डास आपल्या टाकीतला चावला की घराजवळचा, हे सांगता येणार नाही. तो आता बरा आहे आणि शाळेत येतो. त्याच्या आई-वडिलांना मी घरी जाऊन हे सगळे सांगितले आहे. इथे लिहिण्याआधी त्यांची परवानगीही घेतली.

डेंग्यूचा डास एडिस. तो दिवसा चावतो, म्हणजे शाळेच्याच वेळात, आणि स्वच्छ साठलेल्या पाण्यात वाढतो. अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात, म्हणून आठवड्यातून एकदा पाणी ओतून टाकले की साखळी तुटते. पण नुसते ओतून भागत नाही. त्याची अंडी पाण्याच्या रेषेवर भांड्याच्या भिंतीला चिकटलेली असतात आणि कोरडी पडूनही महिनोन्महिने टिकतात. पुढच्या पावसाला पाणी आले की उघडतात. कूलर, माठाखालची थाळी, कुंड्यांच्या बशा घासून पुसाव्या लागतात. आपल्या घरातला कूलर उन्हाळा संपल्यावर माळ्यावर टाकण्याआधी घासला होता का, हे आज रात्री पाहावे.

विश्वस्त मंडळींना नम्र विनंती : दोन टाक्यांची नवी झाकणे आणि हवा जाण्याच्या नळ्यांना बारीक जाळी, यांचे अंदाजपत्रक मी पुढील बैठकीत ठेवत आहे. तोवर प्लास्टिकचा कागद दोरीने बांधला आहे. रजिस्टरावर आता माझ्या सहीखाली गच्चीवर प्रत्यक्ष गेलेल्याची सही असेल, आणि महिन्यातून एकदा ती माझीच असेल.

खेळ बंद केलेला नाही. शनिवारी शेवटच्या तासाला वाचनालयात, एका शिक्षकांच्या देखरेखीखाली तो चालतो. ज्या पालकांनी पत्र लिहिले त्यांना माझे म्हणणे पूर्ण पटलेले नाही. जेवताना राक्षसांच्या गोष्टी नकोत, एवढे त्यांनी मागितले आणि मी मुलाकडून तसे कबूल करून घेतले.

सातवीतल्या त्या मुलीनेही आता वही केली आहे. तिच्या पहिल्या राक्षसाचे नाव अंकुश. आकार : एक सेंटिमीटर. हल्ला : रोज एक प्राण. विशेष शक्ती : हल्ला झाल्याचे कळत नाही. आठवीच्या मुलांनी जोरदार तक्रार केली, की हे नियमात बसत नाही, दिसतच नाही तर तलवार चालवायची कशावर? ती म्हणाली, तलवार चालणार नाही, चप्पल घालावी लागेल. खेळात पात्रांना चपला विकत घ्याव्या लागतात की त्या आधीपासून असतात, यावर गेले दोन शनिवार वाद चालू आहे.

आपली,
मुख्याध्यापिका